शून्यावरचा काटा आणि वच्छलेचा पाय

आमच्या शेजारचा पंजाबराव रिसोडला पंपाच्या जळक्या मोटारींत नवी तार भरायच्या दुकानात कामाला. जळालेली मोटार त्याच्या हातात पुन्हा फिरते. फिरणारी मोटार त्याच्या हातात दिली तर काय होतं, तेच सांगतो.

बहात्तरच्या दुष्काळात आम्हीच टोपल्या वाहून बांधलेला तलाव पुढं तुडुंब भरला आणि पलीकडच्या गावाची वाट पोटात घेऊन बसला. पलीकडे पंजाबरावाची सासू सोजरबाई. तिचे गुडघे गेलेले. त्याच्या बायकोला, वच्छलेला, मायला भेटायचं तर बैलगाडीनं अख्ख्या तलावाला वळसा. पंजाबरावानं ठरवलं, बायकोला बॅटरीच्या नावेनं माहेरी न्यायचं. आणि बायको पाण्याला अशी भिणारी, की विहिरीच्या काठाशीही बसकण मारून पाणी शेंदायची.

चार रिकामी पिपं, वर फळ्या, भंगारातल्या जीपची स्टार्टरची मोटार, ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या, मागं पाणी मारणारं चाक. अडलं मीटरवर. मोटार किती करंट ओढते ते दिसलं नाही तर वायर कधी जळेल कळायचं नाही. आधी ट्रॅक्टरचं मीटर लावलं. काटा टोकाला आदळला आणि तिथंच अडकला. मग पिठाच्या गिरणीचं आणलं, ताटलीएवढं. त्याच्यासोबत एक जाड कडं, वायर त्यातून ओवायची. मोटार गरगर फिरली, काटा शून्यावर.

आमच्याकडे विहिरीवरच्या पंपाचा काटा चढला की मोटार गेली समजायचं. काटा खाली असला की माणूस निवांत बिडी पेटवतो. पंजाबरावानंही पेटवली.

"पाह्यलं का बबनभाऊ, करंट पेतच नाही."

"मंग फिरते कायच्या जोरावर? सासूच्या आशीर्वादावर?" मी विचारलं.

तो हसला. वच्छला हसली नाही.

दुसऱ्या दिवशी निघालो. वजन सारखं राहावं म्हणून मला मागं बसवलं. माझ्या पोटाचा गावाला झालेला तो पहिला उपयोग. काठ लांब गेला तशी वच्छला डोळे मिटून 'बुद्धं शरणं' पुटपुटायला लागली. आमचा मारुती काठावरच राहिला होता, म्हणून मीही तिच्यामागं म्हणू लागलो.

मधोमध बुडालेल्या वाटेवरच्या बाभळी. एका फांदीत चाक अडकलं. मोटार फिरेना, नुसती घुमू लागली. पंजाबराव बटण दाबून धरून जोर लावत होता.

"माह्या पायाखाली तापून राह्यलं," वच्छला म्हणाली.

"काटा शून्यावर हाये. कायले भेतं?"

"काट्यापरीस माहा पाय खरा. बंद करा."

त्यानं बोट काढलं. मोटार घुमतच राहिली. बटण आतून चिकटलं होतं. फळीच्या फटीतून धूर आला, रबर जळाल्याचा वास आला. पंजाबरावानं वायर धरली आणि हात भाजून सोडली. हा माणूस जळक्या मोटारींतच वाढलेला, आणि आता त्याला काही सुचत नव्हतं. पोहता तिघांनाही येत नव्हतं. मी उठायला गेलो तर नाव कलंडू लागली.

"बबनभाऊ, हालू नका," वच्छला म्हणाली. तिनं पदर पाण्यात बुडवला, हाताला गुंडाळला आणि बॅटरीवरची वायर हिसका मारून ओढून काढली. मोटार थांबली. पंजाबरावानं चाकातली फांदी मोडून काढली. आम्ही घमेल्यानं पाणी मारत परत आमच्याच काठाला आलो.

दुकानमालकानं कडं पाहून सांगितलं, "हे खांबावरच्या लाइनचं, उलटसुलट वाहणाऱ्या करंटचं. बॅटरीचा करंट एकाच बाजूनं वाहते, तो याले दिसतच नाही. आंधळ्याले पहाऱ्यावर ठेवलं राजा तू."

पंजाबरावानं मग बॅटरीचंच मीटर निवडलं, जाड पितळी पट्टीवरून मोजणारं. वायर जाड घातली, बटण बदललं. पण वच्छला बसेना. तिनं नाव काठाला बांधायला लावली आणि चाकात बांबू घालायला लावला. काटा सरसर चढला.

"आता बंद करा."

काटा खाली आला. तिनं हे पुन्हा करायला लावलं. मग मीटर स्वतःच्या जागेसमोर ठोकून घेतलं.

पलीकडे सोजरबाईला खाटेवर बसवून काठाशी आणलं होतं. वच्छला निघाली, मागं माझ्या जागी मातीची पोती. डोळे उघडे, नजर काट्यावर, आणि चप्पल काढून अनवाणी पाय वायरीवर. पंजाबरावानंच नंतर सांगितलं, बाभळींजवळ काटा थरथरला. तिनं हात वर केला, पंजाबरावानं मुकाट बटण सोडलं. नाव सरकली, काटा उतरला, तिनं हात खाली घेतला.

मीही गेलो सोजरबाईकडे जेवायला. बैलगाडीनं, वळसा घालून.