नैरोबीचं तिकीट अंबडला

“तिकीट कुठंय, सेठजी?” मी तिसऱ्यांदा विचारलं.

“ठिवलंय की बराबर जागी,” किसनदासजी म्हणाले. आणि माझी नजर चुकवून पानाचा डबा उघडू लागले.

घड्याळात साडेअकरा झाले होते. पाच वाजता औरंगाबादच्या आमच्या ऑफिसात ते तिकीट साहेबांच्या टेबलावर हवं होतं. जालन्यात मी एका ट्रॅव्हल एजन्सीचा एकुलता एक कारकून. मराठवाडा नुकताच मुंबई राज्यात आला होता, आणि विमानानं जाणारं गिऱ्हाईक वर्षातून हाताच्या बोटांवर मोजावं इतकंच.

किसनदासजी कापसाच्या जिनिंगवाले. त्यांची लेक नैरोबीला दिलेली, पहिलं बाळंतपण, आणि माहेरचं एकही माणूस जवळ नाही. आई गुलाबबाई जाणार होत्या. पण त्यांचं खुब्याचं हाड मोडून जुळलेलं, पाय वाकत नव्हता. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, पाय सरळ ठेवता आला तर जा, नाहीतर जाऊ नका.

टुरिस्ट क्लासची जागा दाटीची, तिथं पाय पसरायची सोय नाही. फर्स्ट क्लासची खुर्ची चांगली ऐसपैस, पण भाडं सेठजींनाही जड. मात्र मोसम नसला की कंपनी फर्स्टच्या मोजक्या खुर्च्या सवलतीत सोडायची, जाण्यायेण्याचं तिकीट एकदम घेतलं तर. कारण सरळ आहे. विमान उडाल्यावर रिकाम्या खुर्चीची किंमत बाजार उठल्यावरच्या भाजीइतकीच.

त्या खुर्च्या आधीच संपल्या होत्या. म्हणून मी टुरिस्टचं तिकीट काढलं आणि बाईंचं नाव सवलतीच्या वेटिंगवर लावलं. कोणी रद्द केलं की फरक भरायचा आणि क्लास बदलून घ्यायचा. हल्ली याला अपग्रेड म्हणतात. अट एकच, जुनं तिकीट परत द्यायचं, तेव्हाच नवं मिळायचं. नाहीतर एकाच नावावर दोन माणसं उडतील! “खुर्ची मिळेल,” असा शब्द मी बाईंना देऊन बसलो होतो. रोज रात्री त्या शब्दाची मला धास्ती वाटायची.

आणि त्या सकाळी साहेबांचा ट्रंककॉल आला. “एक खुर्ची सुटलीय. पाचला मी मुंबईला कळवणार. तिकीट नसेल तर पुढच्या नावाला जाईल.”

“सेठजी, बराबर जागा म्हणजे कुठली?”

शेवटी गुलाबबाईच आतून बोलल्या. “प्रस्थानात बांधलंय, कुलकर्णीजी. अंबडला, भुवाजींकडं.”

प्रस्थान ही जुनी रीत. निघायच्या दिवशी मुहूर्त नसला की आधीच्या चांगल्या दिवशी तांदूळ, सुपारी, हळकुंड बांधून ती पोटली प्रवासाच्या दिशेला कुणाकडे तरी नेऊन ठेवतात. प्रवास त्या दिवशीच सुरू झाला असं धरायचं. मग प्रत्यक्ष वाटेला लागेपर्यंत ती उघडायची नाही, घरी परत आणायची नाही. सेठजींनी विचार केला, प्रवासाची खरी वस्तू तिकीट, तेव्हा तेही त्यात बांधू. आणि नैरोबी कोणत्या दिशेला, असं आठवड्यापूर्वी त्यांनी मला विचारलं तेव्हा “दक्षिणेकडे धरा” असं मीच सांगितलं होतं.

सेठजींच्या मोटारीनं आम्ही अंबड गाठलं. भुवाजी म्हणजे सेठजींची आत्या. सत्तरीची बाई, दारातच उभी राहिली.

“गाठ सुटायची न्हाई,” ती म्हणाली. “पोरीचं पहिलं बाळंतपण हाय. अपशकुन करून राह्यला का तुमी?”

“भुवाजी, खुर्ची गेली तर गुलाबबाईंचं जाणंच रद्द होतं,” मी म्हणालो.

“मंग नशीब.”

मी हात जोडले. डोळ्यांत पाणी आलं होतं, लपवत नाही. मग एकदम सुचलं. “पोटली मागं न्यायची नाही, पण पुढं नेता येते ना? गुलाबबाई औरंगाबादवरूनच जाणार. तिथं उघडली तर वाटेतच उघडली.”

भुवाजी आत गेली, पोटली घेऊन आली. मग म्हणाली, “जालन्यावरून न्यायची न्हाई. जमिनीवर टेकवायची न्हाई. आन् गाठ किसनच सोडंल.”

जालन्याचा रस्ता चांगला, पण तो घरावरून. आम्ही पाचोडची कच्ची वाट धरली. धुरळा, खड्डे, आणि माझ्या मांडीवर पोटली. पाचोडच्या अलीकडे टायर बसला. ड्रायव्हर चाक बदलत होता आणि मी भर उन्हात ती पोटली तान्ह्या पोरासारखी छातीशी धरून उभा. सेठजी दर मिनिटाला घड्याळ बघत होते. “कुलकर्णीजी, चुकी माझीच. पर जल्दी पोचू ना?”

ऑफिसात शिरलो तेव्हा पाच वाजायला सात मिनिटं होती. साहेबांच्या हातात फोन होता. सेठजींनी जोडे काढले, देवाचं नाव घेतलं आणि साहेबांच्या टेबलावर गाठ सोडली. तांदूळ घरंगळले. तिकीट हळदीनं पिवळं झालं होतं.

“हे काय लोणच्याच्या बरणीतून काढलंत?” साहेबांनी विचारलं. पण नंबर वाचता येत होता. त्यांनी मुंबईला सांगितलं, “खुर्ची आमची.”

फरक भरून नवं तिकीट हातात येताच सेठजींनी ते कपाळाला लावलं, तांदळावर ठेवलं आणि पोटलीची गाठ मारायला घेतली.

“नाही!” साहेब आणि मी एकदमच ओरडलो.

“आवो, प्रस्थान रिकामं कसं ठिवू?”

मी माझं पेन्सिल-रबर काढून पोटलीत टाकलं, तिकीट माझ्या खिशात घातलं आणि निघायच्या दिवशी थेट गुलाबबाईंच्या हातात दिलं.

महिनाभरानं नैरोबीहून पत्र आलं. पाय सुजला नाही, नात झाली, लेक आईला पाहून खूप रडली. खाली एक ओळ होती: “भुवाजींना सांगा, पोटलीमुळं खुर्ची मिळाली.”

मी ते पत्र अंबडला जाऊन वाचून दाखवलं. भुवाजींनी मान डोलावली. वेटिंग, सवलत, फरक यातलं काही मी समजावत बसलो नाही. पुढं मात्र तिकीट देताना गिऱ्हाइकाला दोन प्रश्न विचारायचो. मुहूर्त कधीचा? आणि पोटलीत काय बांधणार?