पुसलेलं पाऊल

दादाभाऊंना कबड्डी कोणी शिकवली असं विचारलं तर ते "मेंढरांनी" म्हणतात, आणि समोरच्याला वाटतं गडी थट्टा करतोय. थट्टा नसते. त्यांचे वडील सोमाजी मेंढरं राखायचे. जनावराच्या तोंडाकडं बघून काही कळत नाही, मागं उमटलेले खूर बघावेत, ही सोमाजींची शिकवण. तीच घेऊन दादाभाऊंनी घोडेगावच्या बाजूला एका कॉलेजात वीस वर्षं कबड्डी शिकवली. संध्याकाळी मातीच्या मैदानावर पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, आणि सकाळी पोरं खेळून गेली की पावलं वाचत हिंडायचं. कोण कुठल्या पायावर भार टाकतो, कोण थकलाय, सगळं मातीत लिहिलेलं असतं.

एवढ्याशा कॉलेजातून मोठ्या लीगच्या लिलावात सात पोरं गेली. प्राचार्यांनी जिन्यात फळा लावलाय, सोनेरी अक्षरांत सात नावं. आठवा सार्थक, त्याचं नाव फळ्यावर नाही. चार वर्षांपूर्वी त्याचं उजवं पाऊल उथळ उमटलेलं दादाभाऊंनी पाहिलं आणि चपलेनं पुसलं. निवड चाचणी तोंडावर होती. चाचणीत गुडघा गेला. आता सार्थक पेठला हायवेलगत टायरच्या दुकानात बसतो, आणि पुण्याला जाताना दादाभाऊ एसटीत पलीकडची खिडकी धरतात. मोडक्या गुडघ्यांचा फळा कोणतंच कॉलेज लावत नाही. नाहीतर जिने पुरले नसते.

यंदा शिनोलीचा स्वराज होता. चढाईला गेला की दोघंतिघं बाद करूनच परतायचा. चाचणीला तीन दिवस उरले असताना दादाभाऊंना मैदानात त्याचं डावं पाऊल दिसलं. चवडा होता, टाच नव्हती. त्यांनी स्वराजला हाक मारली.

"गुडघ्याला काय झालंय रं?" त्यांनी विचारलं.

"काय न्हाई, सर," स्वराज खाली बघत म्हणाला. "आईनं सगळ्या आळीला सांगितलंय, पोरगं टीव्हीवर दिसनार म्हनून."

तो गेल्यावर दादाभाऊंनी इकडंतिकडं बघितलं आणि तेही पाऊल पुसलं. घरी घास उतरेना. बायको रतनबाई म्हणाली, "ताप हाय का?"

"भ्या वाटतंय," ते म्हणाले.

"या वयात? कशाचं?"

दादाभाऊ ताट सारून उठले.

चाचणी पुण्यात, निळ्या मॅटवर. मॅटवर पाऊल उमटत नाही, म्हणजे निवड करणाऱ्यांना काही दिसणार नव्हतं. त्या अख्ख्या हॉलमध्ये स्वराज सोडला तर गुडघ्याचं एकट्या दादाभाऊंना ठाऊक होतं. त्यांच्याकडं एकच उपाय होता, सोमाजींचा चुचकारा. मेंढरू कड्याच्या टोकाला गेलं की सोमाजी टाळ्याला जीभ लावून टक् करायचे आणि ते मागं वळायचं. दादाभाऊंनी पोरांना तोच लावला होता. टक् ऐकला की हातातला गुण सोडून मध्यरेषा गाठायची. का म्हणून आजवर कोणी विचारलं नव्हतं.

स्वराजच्या दोन चढाया झकास झाल्या. निवड करणारे साहेब भराभर लिहीत होते. तिसऱ्या चढाईला तो आत घुसला, आणि कोपऱ्यातला एक आडदांड गडी त्याच्या डाव्या पायावर टपून खाली वाकला. दादाभाऊंना सार्थकची किंकाळी आठवली. त्यांनी जीभ टाळ्याला लावली. तोंडाला अशी कोरड पडली होती की आवाजच निघेना. पुन्हा लावली. नाही.

मग ते धावले. चपलांसकट मॅटवर गेले आणि स्वराजला कव घालून उभे राहिले. शिट्ट्या वाजल्या.

"काका, हे काय चाललंय?" साहेब खेकसले.

"त्याचा गुडघा दुखावलाय," दादाभाऊ म्हणाले. "मला ठाऊक व्हतं."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं आणि दोघांनाही बाहेर काढलं.

परतीच्या एसटीत स्वराज खिडकीशी बसला. आता हा काय बोलेल, या धास्तीनं दादाभाऊ समोरच्या सीटचा दांडा धरून बसले होते. पेठ आलं. स्वराज खिडकीतून टायरच्या दुकानाकडं बघत राहिला.

"लई दुखतंय, सर," तो म्हणाला. "महिना झाला. तुमी पावलं बघता, आमाला समद्यांना म्हाईत हाय. म्हनून मैदानात टाच मुद्दाम दाबून टाकायचो."

"मग त्या दिवशी कशी दिसली न्हाई?"

"त्या दिवशी दाबली न्हाई. तोंडानं सांगायचं धाडस व्हईना. म्हनलं, सर वाचतील, थांबवतील." तो दादाभाऊंकडं वळला. "तुमी पुसलं. मी पान्याच्या टाकीआडून बघत व्हतो."

दादाभाऊंनी पाण्याची बाटली उघडून त्याच्यापुढं धरली. त्यांची स्वतःची जीभ अजून टाळ्याला चिकटलेली होती.