ढग नको, चव हवी

अण्णाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, आज कॉफी चाखायच्या कामावरून बाजूला केलं. दुपारी वहिनीनं फोनवर सांगितलं.

अण्णा इथल्या एका कंपनीत कॉफी चाखून तिचा दर्जा ठरवतो. सिगारेट सुटावी म्हणून त्यानं बंदी असलेला व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, मिळवला. त्यात द्रव भरायचा टँकही पारखून घेतला, धुराचे ढग कमी काढणारा पण चव नेमकी देणारा. "धूर काय, बस पण सोडते गं, मला चव पाहिजे," म्हणायचा.

संध्याकाळी के. आर. पुरम भागातल्या त्याच्या घरी गेले. वहिनीनं आम्हाला कॉफी दिली.

"कशी झालीय?" तिनं अण्णाला विचारलं.

"फस्क्लास. साखर अगदी सरी, बरोब्बर."

मी घोट घेतला. वहिनी साखर घालायलाच विसरली होती.

डॉक्टर म्हणाले, व्हेप सोडा, चव बहुधा परत येईल. कधी, ते सांगता येत नाही. तुमच्यापैकी कुणाची चव अशी परत आली असेल तर लिहा, वहिनीला वाचून दाखवीन.

सोमवारी कंपनी त्याला चव तपासण्यासाठी पुन्हा चाखायला बसवणार आहे. तोवर टँक कपाटात कुलूपबंद आहे. किल्ली अण्णानं स्वतःकडेच ठेवलीय.