माणिकनं वाळत घातलेलं मीठ

"मिया कशाक फोडतंय उत्तर, मॅडमनू? त्या बाटलेत काय आसा ता माकाच खंय ठावक आसा?"

"हळू बोल ना गं, माणिक. पलीकडे सर बसलेत."

"बसांदेत. माका पैशे देवन चुकीचा उत्तर कोण घेतलो? इतकी खुळी पोरां मुलुंडात तरी नाय आसत."

दीप्ती मॅडमना हसू फुटलं, पण त्यांनी ते आतल्या आत दाबलं. सामानाच्या खोलीत दोघी उभ्या होत्या आणि दाराबाहेर प्रयोगशाळेत बी.एस्सी.च्या पोरांची परीक्षा अर्ध्यावर अडकली होती. परीक्षक विद्याधर सरांनी सगळ्यांना हात बांधून स्टुलावर बसवलं होतं. माणिक तिथली मदतनीस. काचसामान धुणं, बर्नर पेटवून देणं, बाटल्या भरून ठेवणं ही तिची कामं.

झालं होतं असं. प्रत्येक पोराला एक पांढरं मीठ दिलं होतं, नाव न सांगता. मीठ म्हणजे जेवणातलं नव्हे, केमिस्ट्रीतलं. ह्या मिठांच्या खड्यात पाणी कोंडलेलं असतं. हाताला लागत नाही, पण तापवलं की वाफ होऊन जातं. किती वजन गेलं त्यावरून मीठ ओळखायचं. निम्म्याहून जास्त गेलं तर मॅग्नेशियमचं, निम्म्याला बरंच कमी पडलं तर झिंकचं. दिसायला दोन्ही सारखीच, सख्ख्या जावा एका रंगाचं लुगडं नेसून उभ्या राहाव्यात तशी. बाटलीत होतं मॅग्नेशियमचं. पोरांनी लिहिलं झिंक. एकानं नाही, आख्ख्या बॅचनं.

"एखादा चुकला तर मी समजू शकतो," विद्याधर सर म्हणाले होते, "पण सगळे मिळून एकच चूक करतात म्हणजे ती कुणीतरी वाटलेली आहे." आणि त्यांनी माणिककडे पाहिलं.

त्यांचंही अगदीच चूक नव्हतं. परीक्षेच्या दिवशी पोरानं चहापाण्याला काही सरकवायचं आणि मदतनिसानं ट्रे ठेवता ठेवता कानात मिठाचं नाव सोडायचं, ही रीत उपनगरातल्या पुष्कळ कॉलेजांत मुरलेली. माणिकनं ते कधी केलं नाही. पण न केल्याची पावती कुठे मिळते?

माणिक देवगडकडची. लग्न होऊन भांडुपच्या चाळीत आली तेव्हा सासरा गिरणीतून घरी बसलेला. नवरा अनंत मढ बेटावर, शूटिंगसाठी भाड्यानं देतात त्या बंगल्यावर राखणदार. आठवड्यातून एकदा घरी येतो, जेवतो, झोपतो, जातो. कॉलेजातल्या एका झाडूवालीनं माणिकला इथं आणलं, तेव्हापासून माणिक इथंच आहे. अकरा महिन्यांची ऑर्डर, मग एक दिवस घरी बसायचं, मग पुन्हा तीच ऑर्डर. त्या एका दिवसामुळे माणूस कधीच कायम होत नाही. गोठ्यातल्या म्हशीला दाव्यापुरती जागा असते तशी ही नोकरी. दावं तोडून गेलं तर बाहेर काय, आणि राहिलं तर किती वर्षं? गॅसचा वास केसांत बसला, आम्लानं बोटांची सालं गेली, तिच्यासमोर शिकलेली पोरं मास्तर होऊन आली. ह्या वर्षी मात्र तिची फाइल प्राचार्यांच्या टेबलावर पोचली होती. "परीक्षा निर्विघ्न होऊ द्या, मग सही करतो," असं ते दीप्ती मॅडमना म्हणालेले.

आणि परीक्षेला हे विघ्न आलं.

बाहेरून विद्याधर सरांचा आवाज आला. सई नावाच्या पोरीला ते विचारत होते, "मिठातलं पाणी गेलं कुठे मग? तुझ्याआधी कुणी पिऊन टाकलं?"

पोरं भीत भीत हसली. माणिकच्या हातातलं फडकं तिथंच थांबलं.

"मॅडमनू," ती म्हणाली, "ता मीठ मिया सुकत घातललंय."

"काय?"

भिंतीच्या ओलीनं त्या बाटलीतलं मीठ दगडासारखं धरलं होतं. होळीच्या आधी माणिकनं ते पाहिलं. देवगडच्या बाईला ओली वस्तू दिसली की हात उन्हाकडेच जातो. कोकमाची सालं, सुके बांगडे, उकडे तांदूळ, सगळ्यांचा वैद्य तो एकच. तिनं ढेप फोडली, ट्रेमध्ये पसरली, गच्चीवरच्या पत्र्यावर नेऊन ठेवली, कावळ्यांनी चोच घालू नये म्हणून वर जुनी ओढणी बांधली. तीन-चार दुपारी ऊन खाऊन मीठ पिठासारखं सुटलं. खड्यांची चकाकी गेली, पण तिला वाटलं, बरं झालं, पोरांना चमच्यानं घ्यायला सोपं. आत कोंडलेलं पाणीही उन्हानं थोडं ओढून नेलं असेल हे तिच्या डोक्यात येण्याचं काही कारण नव्हतं.

दीप्ती मॅडम खुर्चीवर बसल्याच. परीक्षेचं मीठ आधी स्वतः तापवून बघायचं काम त्यांचं. त्यांनी नुसती बाटली हलवली होती, छान मोकळं दिसलं म्हणून.

"हे कुणाला बोललीस?"

"आता तुमकाच सांगतंय."

"मग इथंच राहू दे. मी सरांना सांगते, वजनकाटा बिघडलाय. तुझी फाइल आहे तिकडे, वाट लागेल तुझी. आणि माझीही."

"आणि पोरां?"

"पोरांची परीक्षा पुन्हा घेतील कधीतरी."

"आणि फोडल्याचा नाव माझ्यावरच ऱ्हवतला."



माणिक दारापाशी गेली. सामानाच्या खोलीला एकच दार आणि ते प्रयोगशाळेतच उघडतं. खिडकी आहे, पण तिला जाळी मारलेली. बोललं तर फाइल गेली. गप्प राहिलं तर चोर. काटा खोटा ठरवला तरी लोक म्हणणार, मॅडमनी बाईला वाचवलं. तिनं कडीवर हात ठेवला. मग स्वतःशीच म्हणाली, "खुळी म्हटलेला चलात. चोर नको," आणि दार ढकलून बाहेर आली.

"सायबानू, पोरांका सोडा. मीठ मिया उन्हात घातललंय."

विद्याधर सरांना आधी कळेना. कळलं तेव्हा ते उठले. बाटलीतलं चिमूटभर मीठ त्यांनी पाण्यात विरघळवलं, त्यात कॉस्टिक सोडा घातला. पांढरा साका बसला. आणखी घातला. झिंक असतं तर साका पुन्हा विरघळून गेला असता. हा तसाच राहिला.

"मॅग्नेशियमच आहे," ते म्हणाले. "पाणी तेवढं कमी. मुलांनी तोललं ते बरोबर तोललंय." मग माणिककडे वळून, "अहो बाई, हे काय कुरडया आहेत का?"

"आमच्याकडे दमट झाला की उन्हात घालतत, सायबा."

पोरं खदखदली. सगळ्यांना पुरे गुण द्यायचं ठरलं. सई बॅग उचलून "झकास यार!" म्हणत जिना उतरली. माणिककडे वळून बघायचं तिला सुचलं नाही, आणि त्या वयात कुणाला सुचतं?

प्राचार्यांनी दोघींना बोलावलं. दीप्ती मॅडमना लेखी खुलासा द्यायचा होता. त्या खाली मान घालून उभ्या होत्या. माणिकची फाइल प्राचार्यांनी समोरून उचलली आणि मागच्या कपाटावर ठेवली.

"खरं बोललात, चांगलं केलंत," ते म्हणाले. "पण काय वाळवायचं नि काय नाही हे ज्याला कळत नाही, त्याला प्रयोगशाळेत कायम कसं करू? सध्या जुन्यासारखीच ऑर्डर काढू. पुढच्या वर्षी बघू."

"आणि नको म्हटलंय तर?"

"नको असेल तर तसं लिहून द्या."

माणिकनं कपाटाकडे बघितलं. भांडुपचं भाडं, अनंतचा तुटपुंजा पगार, आणि ह्या वयात दुसरीकडे कोण घेणार, हे सगळं तिनं उभ्या उभ्या तोलून पाहिलं. काटा एकाच बाजूला झुकत होता.

"काढा ऑर्डर," ती म्हणाली.

जिन्यात दीप्ती मॅडमनी तिचा दंड धरला. "सॉरी गं."

"तुमी खुलासो लिवा जावन. दुसरी बॅच येतली आता."

प्रयोगशाळेत मीठ तापवलेल्या चिनीमातीच्या काळवंडलेल्या वाटक्या ओट्यावर तशाच पडल्या होत्या. विद्याधर सर घड्याळ बघत होते. माणिकनं पदर खोचला, वाटक्या मोरीत घेतल्या, काथ्याला वाळू लावली आणि बुडं घासायला लागली.