जुन्या गावात रेंज येते

लातूरच्या स्टँडवर हैदराबादची गाडी लागली होती आणि मी खिडकीशी बसले होते. खाली आप्पा उभे होते. वडिलांना आम्ही आप्पा म्हणतो. त्यांनी खिशातून फोन काढला, चष्मा कपाळावर ढकलला, एकेक आकडा सावकाश दाबला आणि माझ्या मांडीवरचा फोन वाजला. मी उचलला. खिडकीच्या पलीकडे, हात लांब केला तर टोपीला लागेल एवढ्या अंतरावरून ते म्हणाले, "हॅलो. येतंय का ऐकू?" मी म्हणाले, "येतंय." "मग जा," असं म्हणून त्यांनी फोन ठेवून दिला. शेजारच्या सीटवरच्या बाई हसल्या. मीही हसले. गाडी स्टँडच्या बाहेर पडेपर्यंत हसतच होते, मग रडले.

त्याआधी तीन वर्षं मी नांदेडला होते, डायलिसिस तंत्रज्ञाचा कोर्स करायला. पण ते जाणं म्हणजे काही जाणं नव्हे. बस वाटेतल्या लोह्याच्या पुढं गेली की नांदेडचं शहाणपण अंगात यायचं आणि परतीला तिथंच उतरायचं. सणाला, सुगीतल्या राशीला, कुणाच्या लग्नाला मी घरी असायचेच. हैदराबाद मात्र वेगळं निघालं. इथं घरमालकीण अम्मा जिन्यात गाठून रोज "तिन्नावा?" म्हणते, म्हणजे जेवलीस का, आणि मी खाल्लेलं असो वा नसो, मान हलवते. मी काम करते त्या डायलिसिस युनिटमध्ये माणसं चार-चार तास मशीनला जोडून पडलेली असतात. त्यातली निम्मी दखनी बोलतात. त्यांचं "नक्को" कानावर पडलं की मला अव्वा आठवते. अव्वा म्हणजे माझी आई. परक्या माणसाच्या तोंडातून आपल्या आईचा शब्द येतो तेव्हा हातातली सुई क्षणभर थांबते.

लोक म्हणतात, मी गाव सोडलं. खरं तर माझ्या आधी गावानंच गाव सोडलं होतं. आमचं गाव किल्लारीच्या बाजूचं. त्या भूकंपात जुनं गाव पडलं आणि उरलेल्यांना वर माळावर नवं गाव बांधून मिळालं. मी जन्मले ती नव्या गावात. तिथं आखून काढलेले सरळ रस्ते आणि एकासारखं एक घर. लहानपणी मी दोनदा तरी दुसऱ्याच्याच घरात दप्तर टाकलंय. जुनं गाव तिथून चालत वीस मिनिटांवर, खाली ओढ्याच्या अंगाला. पडक्या भिंती, वेड्या बाभळी आणि बरेच कडुलिंब. आमच्या शेताची सरळ वाट त्या गावातूनच जाते, पण आप्पा त्या वाटेनं कधी गेले नाहीत. डोक्यावर कडब्याची पेंढी असली तरी ओढ्याकडून वळसा घालायचे. मला वाटायचं, वाटच तशी आहे.

माझ्या आधी आमच्या घरात एक मुलगी होती, चार वर्षांची. ती जुन्या गावातच राहिली. हे मला शेजारच्या सुमनकाकूंनी सांगितलं, तेही मी बारावीला असताना. तिचं नावही त्यांच्याकडूनच कळलं. आमच्या घरात ते नाव कुणी घेतलेलं मी ऐकलं नव्हतं. तिचा फोटो नाही, झबलं नाही, काही नाही. विचारलं असतं तर सांगितलंही असतं कदाचित, पण काही घरांत काही गोष्टी विचारायच्या नसतात हे लेकरांना न सांगता कळतं. मोठ्या बहिणीला आमच्यात अक्का म्हणतात. तो शब्द माझ्या वाट्याला आलाच नाही.

तर आता फोनचं सांगते. चूक माझीच होती. आप्पांची जुनी कंपनी बोलण्यापुरती ठीक होती, पण तिचं इंटरनेट म्हणजे गोगलगाय. मला त्यांचे चेहरे बघायचे होते. अव्वाचे केस किती पिकले, आप्पांनी दाढी केली का, हे मला हैदराबादेत बसून हवं होतं. दिवाळीच्या सुट्टीत आप्पांना घेऊन औशाच्या बाजारात गेले. तिथं एक बाई रंगीत छत्रीखाली टेबल मांडून नव्या कंपनीची सिमं विकत होत्या. त्यांनी मोबाइलवर नकाशा दाखवला. आमच्या गावाचं नाव निळ्या रंगात बुडालेलं होतं. निळं म्हणजे फुल रेंज. आप्पा म्हणाले, "नंबर त्योच राहतो ना पण?" मी म्हणाले, "तोच राहतो." आप्पा जरा विचार करून म्हणाले, "म्हणजे बैल त्योच, दावण दुसरी." बाईंनी सांगितलं की एकदा बदललं की तीन महिने परत जाता येत नाही. परत कोण जातंय, असं मी ऐटीत म्हणाले.

मी हैदराबादला परतले आणि दोन दिवसांत नंबर नव्या कंपनीत गेला. त्या दिवसापासून फोन लावला की एक बाई अगदी शांत आवाजात सांगायची, आपण संपर्क करत असलेली व्यक्ती संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे. सकाळी तेच, संध्याकाळी तेच. युनिटमध्ये मशीनं घुमत असायची आणि त्या घुमण्यात ते वाक्य माझ्या डोक्यात फिरत राहायचं. शेवटी सुमनकाकूंच्या फोनवर अव्वाला गाठलं. ती तडकलीच होती. "काय बसवलंस बाई ह्याच्यात? फोन हाय का घड्याळ? टाइम तेवढा बराबर दावतंय."

मग मी कंपनीशी भांडायला लागले. तक्रार नोंदवली. पाच दिवसांनी मेसेज आला, आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे. मी परत फोन केला. पलीकडचा माणूस अतिशय नम्र. "मॅडम, तुमच्या गावात कव्हरेज उत्तम आहे. माझ्यासमोर नकाशा आहे." मी म्हणाले, "तुमच्यासमोर नकाशा आहे, माझ्यासमोर माझे आईवडील आहेत." हे तसं खोटंच होतं, ते माझ्यासमोर नव्हते, तेच तर दुखणं होतं. तो म्हणाला, फोन बंद करून परत चालू करा. मी इतकी चिडले की जिन्यात बसून राहिले.

त्यानंतर एका संध्याकाळी, पाचच्या सुमाराला, आप्पांचा फोन आला. आवाज एवढा स्वच्छ की मला त्यांचा श्वास ऐकू येत होता. मागं वारा होता आणि राघूंचा कलकलाट.

"आप्पा! कुठनं बोलायलाव?"

"हितनंच," ते म्हणाले. आणि मग, "जुन्या गावातनं."

शेतातून परत येताना फोनवर रेंजची एक काडी दिसली, असं त्यांनी सांगितलं. म्हणलं बघू. चार पावलं गेले तर दोन काड्या. फोनकडं बघत बघत तसेच चालत राहिले, तीन झाल्या, चार झाल्या, आणि मान वर केली तर वेशीत उभे. तीस वर्षं ज्या वाटेला ते गेले नव्हते तिथं फोननं त्यांना बोट धरून आणलं होतं. कंपनीचा माणूस खोटं बोलत नव्हता. त्यांच्या नकाशावर आमच्या गावाचं नाव अजून जुन्या जागीच होतं. गाव उठून माळावर गेलंय हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मी म्हणाले, "आप्पा, फिरा माघारी." ते म्हणाले, "आता आलोच हाय तं बोल की. कशी हायस?"

दुसऱ्या दिवशी पाच वाजता परत फोन आला. तिसऱ्या दिवशीही आला. जुन्या कंपनीत आमचं बोलणं दोन मिनिटांच्या वर कधी गेलं नव्हतं. पीक कसंय, बरं हाय, ठेवू का, ठेव. आता ते अर्धा अर्धा तास बोलायला लागले, आणि बोलता बोलता चालायला लागले. पहिले काही दिवस वेशीतच होते. मग पिंपळाच्या पारापर्यंत आले. पुढच्या आठवड्यात आडापर्यंत. आड बुजलाय, सांगितलं, पण हात टाकून बसायचा दगड तसाच हाय. हे दुकान, हितं गूळ-शेंगदाणे मिळायचे. हे गल्लीचं तोंड, हितं बैलगाडी वळत न्हवती, उतरून चाक उचलावं लागायचं. मी हॉस्पिटलच्या मागच्या जिन्यात डोळे मिटून बसायचे आणि कधीही न पाहिलेल्या गावात त्यांच्या मागं मागं चालायचे. ते गाव माझ्या ओळखीचं होत गेलं. पेशंटची नळी तपासताना मी आडाच्या काठावर असायचे. अम्माच्या गल्लीत भाजी घ्यायला निघाले की वाटायचं, इथून वळलं की पार लागेल. मला जागेपणी पडणारं ते स्वप्न होतं आणि ते मला फार आवडायला लागलं होतं, हे कबूल करते.

पण एका जागेपाशी ते रोज थांबायचे. मठाच्या कोपऱ्यावर. त्याच्या पुढं चार घरं, आणि मग आमचं. तिथं आले की म्हणायचे, "बरं, ठेवतो. दिस बुडाला." उन्हं असली तरी म्हणायचे.

अव्वाला हे मुळीच पसंत नव्हतं. ती सुमनकाकूंच्या फोनवरून मला झापायची. "बदल ते सिम आधी. गेलेल्यांच्या जागी जित्या माणसानं रोज जाऊन बसू न्हाई. तुजा आप्पा घरला आला की गप बसतोय, ताटावर ध्यान न्हाई." मग आवाज खाली आणून म्हणायची, "एकदा घालवून बसलेव बाई. आता ह्यो बी तिकडंच चाललाय का?" तिची भीती मला समजत होती, आणि ती भीती तिच्या दारात मीच नेऊन ठेवली होती. आप्पांना त्या जागेनं गिळलं तर? मी कॅलेंडरवर तीन महिन्यांच्या शेवटच्या तारखेला गोल केला.

तुम्ही जे माझ्यासारखे बाहेर पडलात, त्यांना ठाऊक असेल. गेलेल्या माणसाला मागचं घर दुरुस्त करायची फार खोड असते. मिक्सर पाठव, गिझर लाव, सिम बदल. आपण तिथं नाही, ही एकच मोडकी गोष्ट दुरुस्त करता येत नाही, म्हणून बाकीचं सगळं आपण नीट करत सुटतो. आणि जे मागं राहिलात ते आमच्या हौसेसाठी सगळं चालवून घेता. पण आपण ज्याला घर म्हणून फोन लावतो, ते त्या माणसांच्या मनातलं घर असेलच असं नाही. आप्पा-अव्वांनी मला ज्या घरात वाढवलं ते त्यांना मिळालेलं घर होतं. त्यांचं घर खाली राहिलं होतं, आणि त्याबद्दल त्यांनी मला इतकी वर्षं एक शब्दही कळू दिला नव्हता. मला याचा राग आला, मग लाज वाटली, मग नुसतंच वाईट वाटलं.

तीन महिने भरले. मी आप्पांना म्हणाले, "उद्या मी सांगते तसा एक मेसेज पाठवा. जुनी कंपनी परत येईल. घरात रेंज, अव्वा पण खूश."  मग ते म्हणाले, "थांब जरा, माय. अजून चार घरं राहिलीत."

मी ते वाक्य जसंच्या तसं अव्वाला सांगितलं. मग सुमनकाकूंनीच फोन हातात घेऊन "हॅलो, हॅलो, कट झाला का?" म्हणून विचारलं. झाला नव्हता. पण अव्वा उठून घरी निघून गेली होती.

दुसऱ्या दिवशी पाचला आप्पांच्या नंबरवरून फोन आला. मी "बोला आप्पा" म्हणाले आणि अव्वाचा आवाज आला.

"मी हाय. तुज्या आप्पाचा पाय उचलंना हितनं पुढं. म्हणलं चला, मी येते."

मी फोन कानाला घट्ट दाबला.  बाभळी बाजूला सारल्याचा आवाज आला, आप्पांचं "काटा बघ" ऐकू आलं. अव्वा एकेक घर ओलांडत त्या त्या घरातल्या बाईचं नाव घेत होती. चौथं नाव झालं आणि पावलं थांबली.  राघूसुद्धा गप्प झाले होते, किंवा मला ऐकू येत नव्हते. मग अव्वानं मोठ्यानं हाक मारली. दिवस कलताना गल्लीत खेळणाऱ्या लेकराला आई मारते तशी.

"गिरजे! ए गिरजे!"

आणि आप्पा रडले. मी त्यांना कधी रडताना ऐकलं नव्हतं. हैदराबादच्या त्या जिन्यात, निळ्या गणवेशात, तोंडावर हात धरून मीही रडले. अक्का, असं मी हळूच म्हणून बघितलं. वरून एक सिस्टर उतरत होती, ती अंग चोरून बाजूनं खाली गेली.

मग अव्वाचा आवाज आला, एकदम नेहमीचा. "चल माय, घरला चल. लई येळ झाला." मला वाटलं, ती माझ्याशी बोलतेय. ती माझ्याशी बोलत नव्हती.

फोन ठेवायचं कुणाच्या लक्षात राहिलं नसावं. ते सरळ वाटेनं निघाले. मी कानाला लावून तशीच बसले. वाळका पाला, चपला, आप्पांचा खोकला, आणि अव्वा कुणाला तरी सांगत होती, हळू, दगड हायत, माझा हात धर. चढ लागला तसा आवाज तुटायला लागला. मग रेंज गेली. तिघं घरी पोचली होती.