टाकीपासून डावीकडे

पेंटरला कुणी शहाणपण शिकवलेलं खपत नसे. पुलाच्या दुरुस्तीसाठी रस्ता बंद झाला, वळणरस्त्याचे बोर्ड त्याच्याकडे आले आणि पठ्ठ्याने ते असे रंगवले की बघत राहावं. टपोरी अक्षरं, प्रत्येक अक्षराला निळी सावली: ‘दवाखान्याकडे जाण्यासाठी टाकीपासून डावीकडे वळावे.’ इंजिनिअरबाई म्हणाल्या, लोक चुकताहेत, एवढं वाचेपर्यंत गाडी पुढे जाते, नुसता मोठा बाण काढा. पेंटर म्हणाला, लोकांना वाचायचा कंटाळा, त्याला मी काय करू? बाईंचं बोलणं त्याने एका कानाने ऐकलं, दुसऱ्याने सोडून दिलं.

दुपारी तो दवाखान्याकडच्या टोकाला शेवटचा बोर्ड ठोकत होता, तेवढ्यात ताईच्या जावयाचा फोन आला. जावई कामानिमित्त पहिल्यांदाच या गावात आलेला, सासूबाईंकडे जेवायला थांबलेला. जेवता जेवता ताईच्या छातीत कळ आली, ती घामाने निथळली. अँब्युलन्सची वाट बघत बसण्यापेक्षा त्याने तिला सरळ आपल्या गाडीत घातलं होतं.

“मामा, पूल बंद आहे. बोर्डावर टाकी लिहिलंय. टाकी कुठाय?”

“अहो, समोरच. एवढी मोठी टाकी दिसत नाही?”

“इथं प्रत्येक गच्चीवर टाकी आहे, मामा.”

पेंटरचा हातोडा हातातच राहिला. पाण्याची ती उंच टाकी पाडून कैक वर्षं झाली होती. तिथं आता मोबाइलचं दुकान होतं. पण अख्खं गाव त्या कोपऱ्याला टाकीच म्हणायचं, आणि बोर्ड रंगवताना त्याच्या डोळ्यांसमोर टाकी चांगली ठणठणीत उभी होती. तो घाईघाईने दुकानाची खूण सांगायला लागला. जावई म्हणाला, आम्ही कधीच वळलोय, पुढे भिंत आहे. मग नुसते हॉर्न ऐकू आले आणि फोन कट झाला.

भिंत म्हणजे कापडाच्या गोदामाची. पेंटरने स्कूटर अशी दामटली की गल्लीच्या तोंडाशी पडता पडता वाचला. आत बघतो तर काय, जावयाची गाडी भिंतीला नाक लावून उभी, आणि मागे परगावच्या गाड्यांची रांग. पहिला वळला म्हणून दुसरा, दुसरा वळला म्हणून तिसरा. सगळे मिळून बोर्ड लिहिणाऱ्याचा उद्धार करत होते. पेंटर शेवटच्या गाडीपासून सुरू झाला. मागं घ्या, अजून मागं, आत पेशंट आहे. एक जण हुज्जत घालायला लागला, तर त्याने सरळ त्याच्यापुढे हात जोडले. ज्याने जन्मात कुणापुढे मान झुकवली नव्हती, तो माणूस गाडीगाडीपुढे हात जोडत होता. काचेतून ताई दिसली. डोळे मिटलेले, चेहरा राखेसारखा. आईमागे जिने आपल्याला वाढवलं ती आपल्याच अक्षरांपायी जाते की काय, एवढंच डोक्यात घुमत होतं.

गल्ली मोकळी झाली तसा तो स्कूटरवरून पुढे निघाला, हॉर्नवरचा अंगठा न काढता, आणि गाडी त्याच्या मागे.

ताई वाचली. पण डॉक्टर चिडलेच होते. अजून थोडा उशीर झाला असता तर हातात काही उरलं नसतं म्हणाले. ते गेल्यावर जावयाचा बांध फुटला. हा बोर्ड ज्या गाढवाने लिहिला, तो समोर आला तर सोडणार नाही, असं तो पेंटरलाच सांगत होता.

ताईने तोंडावरचा मास्क बाजूला केला. “बोर्ड बरोबर होता हो. मीच मागून चुकीचं वळण सांगितलं.”

तिच्या तोंडून गाडीत शब्दसुद्धा फुटला नव्हता, हे जावयाला ठाऊक होतं. तो तिच्याकडे बघतच राहिला. पेंटरला ते सहन झालं नाही.

“ताई, गप्प पड,” तो म्हणाला. “जावईबापू, ते गाढव मीच.”

जावयाने सासूचा मास्क नीट बसवला.

“मग इथं काय करताय, मामा?” तो म्हणाला. “आईंजवळ मी आहे. बोर्ड अजून तिथंच आहे.”