चेल्सोचा कान

इटलीतल्या बोर्दिगेरा गावाच्या समुद्ररस्त्यावरचे जाड बुंध्याचे खजूर चेल्सोच्या आजोबांच्या पिढीने लावले. चेल्सोने ते चव्वेचाळीस वर्षे छाटले, सांभाळले. पुढे सोंड्या भुंगा आला. त्याची अळी शेंड्याचा गाभा आतून खाते आणि झाड महिनोन्महिने हिरवेच दिसते. चेल्सो शेंड्याला कान लावून आतली कुरकुर ऐकायचा. त्याने ‘खातंय’ म्हटले की मी तोडणीचा हुकूम काढायचो. उद्यान खात्यात मी हिशेबनीस, कागद माझ्याकडे असतात. रिकाम्या खड्ड्यात बारीक बुंध्याची परदेशी झाडे यायची. त्यांना सावली नावालाच.

चेल्सो निवृत्त झाला, तरी आम्ही त्यालाच बोलवायचो. गेल्या वर्षी मात्र त्याने ‘शांत’ म्हटलेल्या चार झाडांचे शेंडे कोसळले. मला कारण कळले होते. मी बोललो नाही.

मे महिन्यात नगरपालिकेच्या अभियंत्याने ठरवले, की उरलेल्या नऊ झाडांची चेल्सोने खात्री द्यावी, नाहीतर सगळीच तोडायची. त्या सकाळी चेल्सोबरोबर त्याची बायको इर्मा आली आणि शिडीगाडीच्या पाळण्यात आमच्यामागे चढली.

“तू कुठे? तुला गच्चीवरसुद्धा गरगरतं,” चेल्सो म्हणाला.

“तू आहेस ना धरायला.”

पहिल्या शेंड्याला त्याने बराच वेळ कान लावला. “शांत आहे.”

इर्माने त्याचा पट्टा घट्ट धरून तिथेच कान टेकला. मग त्याच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्याने म्हणाली, “खातायत रे. वाळका पाव चावल्यासारखं वाजतंय.”

तो माझ्याकडे वळला. “हिशेबनीस, तुम्हाला ठाऊक होतं?”

“गेल्या वर्षापासून,” मी मोठ्याने म्हणालो.

“चार झाडं गेली. मला बहिरा म्हणायला जीभ रेटली नाही होय? आणि तू गं?”

“घरात टेलिफोन वाजून वाजून दमतो,” इर्मा त्याच्या कानाशी म्हणाली. “मला वाटायचं, झाडांचं तरी तुला ऐकू येत असेल.”

“मलाही तसंच वाटायचं,” तो म्हणाला. मग तिची हनुवटी धरून त्याने तिचा कान वीतभर खाली, पानांच्या बेचक्यात टेकवला. “इथं ऐक. श्वास रोखून. वाऱ्याचा आवाज लांबट असतो, अळीचा तुटक.”

दुपारपर्यंत नऊ झाडे झाली. तिनांत अळी खात होती, सहा शांत. अभियंत्यासमोर चेल्सोने स्वतःच सांगितले, “मला ऐकू येत नाही. ऐकलंय हिनं. खात्री माझी.” अभियंत्याने इर्माकडे पाहिले आणि तीनच झाडांवर खूण केली. ती तोडल्यावर त्या खड्ड्यांत चेल्सोने इथल्या जुन्या खजुराची रोपे लावून घेतली.

आता दर दुसऱ्या गुरुवारी दोघे पाळण्यात चढतात. इर्मा डोळे मिटून ऐकते. चेल्सो एका हाताने तिला धरून तिच्या चेहऱ्याकडे बघत असतो, आणि ती बोलायच्या आत खाली मला हाताने खूण करतो: शांत आहे.